शोधावे कसे?

महाविद्यालयात विद्यार्थ्यास निबंधाचा विषय मिळतो. पण त्याची सामग्री कोठे व कशी शोधावी, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. मग भ्रमणध्वनीवर प्रथम जे दिसेल तेच तो उतरून काढतो. माझ्या मते हे शिक्षण शाळेतच सुरू व्हावे.

मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली ग्रंथांसाठी ज्ञानाचे दहा वर्ग योजिले. विज्ञान ५०० पासून, इतिहास-भूगोल ९०० पासून. हा क्रम ज्यास कळला, त्यास ती पद्धत पाळणारे कोणतेही ग्रंथालय परके वाटत नाही.

परंतु ग्रंथ सापडला म्हणजे काम संपले असे नव्हे. १९८० साली छापलेल्या ग्रंथात गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून भेटेल. कारण घटकराज्याचा दर्जा त्यास १९८७ साली मिळाला. ग्रंथ आपल्या काळी खराच होता. प्रकाशनवर्ष न पाहणारा वाचक मात्र फसतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, ग्रंथालयाचा तास केवळ पुस्तके बदलण्यात दवडू नका. सूची चाळा, लेखक व प्रकाशनवर्ष टिपा, आणि दोन साधने ताडून पाहिल्यावाचून लेखणी उचलू नका. पाठ केलेले उत्तर परीक्षेपुरते टिकते. शोधण्याची सवय जन्मभर साथ देते.