आरोग्य-विचार : दोष रक्ताचा नव्हे

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. कुष्ठरुग्णाच्या घरातले स्थळ आले की ‘रक्तातच असेल’ असे म्हणून नकार देणारे आजही भेटतात. भगिनींनो, विज्ञान काय सांगते ते पाहू.

आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्या बिघडल्या की पार्किन नावाचे प्रथिन त्यांच्यावर खूण करते आणि पेशी त्यांची विल्हेवाट लावते. याचे जनुक जपानी संशोधकांनी १९९८ साली शोधले. आई-वडील दोघांकडूनही ते बिघडलेले आले, तर तरुणपणीच कंपवात जडू शकतो.

पार्किनचे काम एवढ्यावर संपत नाही. पेशीत शिरलेल्या क्षयजंतूंशी लढण्यातही त्याचा वाटा असतो, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्याआधी २००४ साली व्हिएतनाममधील रुग्णांत याच जनुकातील फरकांचा कुष्ठरोगाशी संबंध आढळला होता.

मग कुष्ठरोग आनुवंशिक का? मुळीच नाही. तो जंतूंमुळे होतो. हा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. जनुकामुळे फार तर प्रतिकारशक्ती कमी-अधिक होते. जंतूच नसेल तर रोग कुठला? बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. २०१९ साली घटस्फोटाच्या कारणांतूनही कायद्याने कुष्ठरोग वगळला.

अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि केवळ या रोगाच्या नावाने कुणाची सोयरीक मोडू नका.