रशियन माणसाचें हंसूं

जालन्याकडचीं मुलें हल्लीं वैद्यकाच्या अभ्यासासाठीं रशियांतहि जातात. सहा वर्षांचा हा वनवास. पहिल्या महिन्यांत त्यांची घरीं एकच तक्रार येते : "आई, येथें कोणी हंसत नाहीं!" दुकानदार हंसत नाहीं, ट्रामवाली हंसत नाहीं, प्रोफेसर तर नाहींच. इकडे माजघरांत काळजी सुरू होते आणि आजी दूरध्वनीसमोरच मीठमोहऱ्या ओवाळूं लागते.

खुलासा अगदीं साधा आहे. कारणावांचून हंसणें हें मूर्खाचें लक्षण, अशी रशियन लोकांत म्हणच आहे. अनोळखी माणसाकडे पाहून केलेलें हास्य तिकडे सौजन्यांत जमा होत नाहीं, संशयांत होतें. "उगाच दांत काय काढतोस?" म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनीं आपणांस कितीदां दटावलें, तें आठवावें, म्हणजे रशिया फारसा दूर वाटणार नाहीं.

खरी मौज पुढेंच आहे. रशियन माणसास आदरानें हांक मारावयाची तर त्याच्या नांवास बापाचें नांव जोडावें लागतें. इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्हना. तेव्हां आमच्या गणेशरावांचा विष्णु तेथें 'विष्णु गणेशेविच' व्हावयास कितीसा वेळ! भेद एवढाच कीं, लग्नानंतर आपल्याकडे बाईच्या नांवांत बापाच्या जागीं नवरा येऊन बसतो. तिकडे बाप जन्मभर हलत नाहीं. सासरच्या मंडळींनीं यावर विचार करावा.

बाकीचें सारें ओळखीचेंच. पादत्राणें दाराशीं काढावयाचीं. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करावयाचें नाहीं. शुभप्रसंगीं फुलें विषम संख्येनें द्यावयाचीं. सम संख्या प्रेतकार्याची. आपल्या एकशें एक रुपयांच्या आहेराचें हें भावंडच म्हणावें.

परक्या मुलखांत नवल दोहों बाजूंस वाटतें. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलास उतरला व पुढें जुन्नरास राहिला. गोरा माणूस म्हणून लोक त्याच्या मागें मागें फिरत. आणि हे लोक उघड्या अंगानें हिंडतात, याचें नवल तो आपल्या टिपणांत लिहून ठेवीत होता!

हा विषय नुसत्या करमणुकीचा मात्र नाहीं. पुढील वर्षांत रुग्णाच्या खाटेशीं उभें राहावें लागतें, आणि तो रुग्ण आपलें दुखणें रशियन भाषेंतच सांगतो. वसतिगृहांत चार मराठी सोबत्यांसह वरणभात शिजवून दार लावून घेणारा मुलगा तें दुखणें समजणार कसें? रस्त्यावर अबोल असणारा रशियन घरीं जेवणाच्या टेबलाशीं मोकळा होतो, मनमुराद हंसतो व हंसवितो. भाषा तेथेंच शिकावयास मिळते.

म्हणून दूरध्वनीवर "जेवलास का?" हें विचारून झाल्यावर घरच्यांनीं आणखीहि एक प्रश्न विचारावा : "तुला कोणी घरीं चहाला बोलाविलें का रे?" चहास त्या भाषेंतहि 'चाय'च म्हणतात. तेवढी सुरुवात पुरेशी आहे.