बोरिवलीत वीज, दहिसरात कोळसा

चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयापाशी एक छोटं वाफेचं इंजिन उभं केलेलं आहे. ‘लिटिल रेड हॉर्स’ त्याचं नाव. इंग्लंडच्या बॅगनॉल कंपनीनं ते 1928 मध्ये बांधलं. चर्चगेटला उतरणाऱ्या दहिसरकरांपैकी कितीतरी जण त्याच्यावरून जातात, सेल्फीही काढतात. पण ते नॅरोगेजचं. आपल्या रुळांवर ते कधी धावलं नाही, धावणं शक्यही नव्हतं.

आपल्या रुळांवरची वाफ निराळीच. 12 एप्रिल 1867 ला विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल निघाली, ती कोळशावर. तिच्या थांब्यांत बोरिवली होतं, दहिसर नव्हतं. 1928 च्या जानेवारीत विजेची लोकल आली, तीही बोरिवलीपर्यंतच. विरारपर्यंत तारा पोचायला 1936 उजाडलं. म्हणजे आठ वर्षं बोरिवलीत वीज आणि दहिसरात कोळसा! (पुढच्या स्टेशनाला सगळं उशिरा मिळतं, ही तक्रार तेव्हापासूनची असणार.) त्या गाड्या ओढणारं एखादं इंजिन आज आपल्या पट्ट्यात दाखवायला नाही. ट्रामचीही तीच गत. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला थांबली, आणि पुढे भाटिया बागेत मांडायला बेस्टनं डबा आणला तो कोलकात्याहून.

जुनं इंजिन चौथऱ्यावर चढवून वर्षाकाठी रंगाचा हात मारला की जतन झालं, असं आम्हाला वाटत नाही. मुंबईच्या पावसात रंगाखालचा पत्रा कधी सडला ते कळतही नाही. आणि पत्रा टिकला तरी बाकीचं? फायरबॉक्सच्या छतात शिसं भरलेला एक प्लग असतो. बॉयलरमधलं पाणी फार उतरलं की शिसं वितळतं, वाफ फुसफुसत आगीवर येते आणि फायरमन काय ते समजतो. हे पाटीवर लिहून भागत नाही. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये इंजिनं अजून पेटवतात, म्हणून तिथे ते कसब हातांत शिल्लक आहे.

इंजिन आणणं आमच्या आवाक्यात नाही. माणसं गाठणं आहे. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत लोको शेडमध्ये राबलेले कुणी आजोबा असतील, फायरमन, फिटर, बॉयलर धुणारे, तर दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या त्यांना बोलतं करा आणि पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. वहीच्या कागदावर लिहिलेलं चालेल, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ. पगाराची चिठ्ठी, जुना पास, शेडमधला फोटो मिळाला तर सोबत जोडा. मूळ कागद जपून परत करू.