चाळणी आणि तराजू

दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) तंजावूरच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत, रोग्यांवर उपचार होत आणि त्यांच्या हकिकती लिहून ठेवल्या जात. नोंदीवाचून पारख नाही, हा त्या दप्तराचा बोध आजच्या रसायनशास्त्रासही लागू आहे.

पुष्कळ औषधांचे रेणू उजव्या-डाव्या हातांप्रमाणे परस्परांची प्रतिबिंबे असतात, आणि अनेकदा त्यांपैकी एकच गुणकारी असतो. कंपवातावर डोपाचे डावे रूपच उपयोगी पडते. दोहोंतून हवे तेवढेच निवडणारा उत्प्रेरक शोधावयाचा, तर शेकडो उत्प्रेरक पारखावे लागतात. परंतु दोन्ही रूपांचे वजन सारखेच! जर्मन रसायनज्ञ मान्फ्रेड रेट्झ यांनी १९९९ मध्ये यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. मूळ पदार्थाच्या एका रूपात जड हायड्रोजन घातला, की वजनात भेद पडतो. मग उत्प्रेरकाने कोणते रूप अधिक वापरले, हे द्रव्यमान-वर्णपटमापक सांगतो. दिवसाला सुमारे हजार नमुने असे तपासता येतात.

हा वेग स्वागतार्ह आहे. मात्र ती चाळणी आहे, तराजू नव्हे. थेंबभर द्रवात यशस्वी ठरलेला उत्प्रेरक मोठ्या पात्रात फसू शकतो. उलट, एका द्रावकात नापास झालेला दुसऱ्यात उपयोगी पडू शकतो. म्हणून निवडलेल्यांची सावकाश फेरतपासणी झाली पाहिजे, आणि टाकलेल्यांचीही नोंद राहिली पाहिजे. केवळ यशाचेच टिपण ठेवणारी प्रयोगशाळा आपल्या अनुभवाचा मोठा भाग स्वतःच फेकून देते.