दप्तराबाहेरच्या आठवणी

इंग्लंडमधील संडरलंड शहरात १८९८ पासून फुटबॉलप्रेमींच्या जयघोषाने दुमदुमणारे रोकर पार्क मैदान १९९७ मध्ये बंद होऊन तेथे घरे उभी राहिली, आणि ज्याची पिंपे घोडागाड्यांतून गावभर पोहोचत, तो १८३७ मध्ये स्थापन झालेला व्हॉक्सचा बिअर कारखानाही १९९९ मध्ये थंडावला. जमिनीचे हस्तांतर सरकारी दप्तरात बिनचूक नोंदले जाते. परंतु पित्याचे बोट धरून सामन्याला निघालेल्या बालकाचा आनंद आणि माल्टच्या दरवळाने जागी होणारी सकाळ यांची दखल कोणताही दस्तऐवज घेत नाही. म्हणून जुन्या वास्तूवर कुदळ पडण्यापूर्वीच वृद्ध रहिवाशांच्या आठवणी साक्षेपाने लिहून घेणे, हे प्रत्येक नगरपालिकेचे विहित कर्तव्य ठरले पाहिजे. कारण स्मृतीवाचून उभारलेले नगर समृद्ध झाले, तरी आपलेसे होत नाही.