६१७ अंकी कुलूप किती काळ टिकणार?

'आरएसए-२०४८' नावाची ६१७ अंकी संख्या गेली दोन दशके गणितज्ञांना आव्हान देत उभी आहे. ती दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार झाली आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दोन संख्या कोणत्या, हे मात्र कोणीही दाखवू शकलेले नाही. तिच्या अवयवांसाठी दोन लाख डॉलरचे बक्षीस होते. ते कोणालाही न मिळताच २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली.

हा केवळ बुद्धीचा खेळ नाही. याच आकाराच्या संख्यांच्या भरवशावर बँकांची अनेक संकेतस्थळे आपली ओळख पटवितात आणि डिजिटल स्वाक्षऱ्या ग्राह्य धरल्या जातात. गुणाकार क्षणात होतो, उलटा प्रवास मात्र जवळजवळ अशक्य, हेच या कुलपाचे मर्म.

पण हा भरवसा सिद्ध झालेला नाही. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे निश्चितपणे आणि वेगाने ठरविण्याची पद्धत कानपूर आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव शोधण्याची तशी वेगवान पद्धत नेहमीच्या संगणकांसाठी सापडलेली नाही. मात्र ती असूच शकत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

अंदाज कसे कोसळतात, याचा दाखला इतिहासात आहे. १९७७ मध्ये मांडलेली १२९ अंकी संख्या फोडण्यास चार कोटी अब्ज वर्षे लागतील, असे सांगितले गेले होते. १९९४ मध्ये इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ती आठ महिन्यांत फोडली. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयवही हाती आले.

खरे आव्हान क्वांटम संगणकाचे आहे. अशा संगणकावर मोठ्या संख्येचे अवयव वेगाने काढता येतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले. २०४८ बिटांची संख्या फोडण्यास दोन कोटी क्यूबिट लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये होता. गुगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आणला. एवढ्या क्षमतेचे यंत्र अद्याप कोणाकडेही नाही. तथापि आज साठविलेली गुप्त माहिती उद्या उलगडता येईल, हा धोका आजचाच आहे.

म्हणूनच अमेरिकेच्या 'निस्ट' या मानके ठरविणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणारी पहिली तीन मानके जाहीर केली. भारतानेही २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मंजुरी दिली. मात्र संशोधनाला निधी देणे वेगळे आणि बँका व सरकारी खात्यांतील जुनी कुलपे बदलणे वेगळे. हे दुसरे काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे. १९७७ चा अंदाज १७ वर्षांत खोटा ठरला, हे ध्यानात घेता ते लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.