‘त्यांना काय कळणार?’

जामसर व भोवतालच्या पाड्यांवरील मुलांची सहल यंदा कोठे न्यावी, हे ठरविण्यासाठी बैठक भरली होती. बहुमत वॉटर पार्कच्या बाजूने होते. आम्ही मुंबईचे वस्तुसंग्रहालय सुचविले, आणि जमल्यास एखादे बालनाट्यही. क्षणभर कोणी बोलेना. मग एका ज्येष्ठ शिक्षकबंधूंनी, अगदी मायेने, विचारले, “फादर, त्यांना त्यातलं काय कळणार?”

हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याची चीड येते. विचारणारे दुष्ट नसतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. दुष्टाशी भांडता येते. मायाळू माणूस मात्र हसत हसत दार लावून घेतो. 1989 साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातील प्रदर्शनात आपल्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे लागली. भाताची उडवी कधी न पाहिलेल्या तेथील प्रेक्षकांना त्यातले काय कळणार, असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अभिनंदन करण्यात आम्ही सारेच पुढे होतो. त्यांच्याच तालुक्यातल्या मुलांना मात्र कला कळत नाही!

आमचाही अपराध सांगितला पाहिजे. पहिल्या खेपेस आम्ही मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेले ते मेंढरे हाकावीत तसे. दोन तासांत सारी दालने; ‘हात लावू नका’, ‘रांगेत चला’, ‘पुढे व्हा’. परतताना काय आवडले असे विचारले, तर बहुतेकांनी समुद्र सांगितला. बरोबरच होते. समुद्रापाशी त्यांना कोणी घाई केली नव्हती.

गेल्या ऑक्टोबरात मात्र 36 मुले नेली आणि दोनच गोष्टी नीट पाहायच्या असे ठरविले. त्यांतील एक म्हणजे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली ही ब्राह्मी अक्षरे 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सापडली. सोपारा हे नाव ऐकताच सातवीतला एक मुलगा पुढे आला. “आमची वीटभट्टी तिथंच पुढं.” मग सारेच त्या काळ्या दगडाभोवती गोळा झाले. अक्षरे कशाने कोरली असतील? छिन्नी कुठली? दगड फुटला की कोणी फोडला? बाकीचे तुकडे कोणाच्या घराच्या पायात गेले असतील? शेवटचा प्रश्न त्या मुलाचाच होता. पुराणवस्तूंचे अभ्यासक याहून वेगळे काय विचारतात, हे आमच्या शिक्षकबंधूंनी सांगावे.

संध्याकाळी दादरला नाटक पाहिले. मुले हसली, टाळ्या वाजविल्या, पण बसमध्ये टीकाही झाली. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढविलेली सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात, आणि प्रेक्षक त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो. “इथलं सोंग नाचत नाही, बोलतच ऱ्हातं,” असा एका मुलीचा अभिप्राय पडला. वृत्तपत्रांतील नाट्यपरीक्षणे आम्ही नेमाने वाचतो. इतक्या थोडक्या शब्दांत नेमके सांगणारे फारसे आढळत नाही.

शहरानेही आपल्याकडे पाहावे. एका सभागृहाच्या दारात पहारेकऱ्याने मुलांच्या पायांतल्या रबरी चपला पाहून आम्हांस बाजूला घेतले व तिकिटे दोनदा तपासली. आत ज्या भिंतीपाशी आम्ही थांबलो, तिच्यावर वारली चित्रे होती.

आणि राणीच्या बागेचे काय सांगावे! 2017 पासून तेथे पेंग्विन पाहायला मिळतात. दूरदूरच्या शाळांच्या बसगाड्या तेथे येतात, मुले पेंग्विन पाहून, बर्फाचा गोळा खाऊन परततात. त्याच बागेच्या फाटकालगत 1872 साली खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे आहे. मुंबईत नांदणाऱ्या लोकांच्या आणि त्यांच्या धंद्यांच्या मातीच्या लहान लहान प्रतिमा तेथे आहेत. आत किती शिक्षक मुलांना नेतात? पेंग्विनातले मुलांना काय कळते, असे मात्र कोणी विचारीत नाही.

राहिला प्रश्न तारखेचा, आणि त्यावर आम्ही हटून बसणार आहोत. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, कारण तेव्हा हवा चांगली असते. परंतु दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरील कितीतरी कुटुंबे वसई, विरार, भिवंडीकडील भट्ट्यांवर जातात, आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. हजेरीपटावर नावे राहतात. म्हणजे ज्यांच्यासाठी सहल, तीच मुले सहलीच्या दिवशी विटा उलटीत असतात. आमची सहल दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यानच निघेल. चिखल असेल, एखादी सरही येईल. घोंगड्या बरोबर घेऊ.

बसभाडे अद्याप जमलेले नाही. वॉटर पार्कसाठी ज्या सद्गृहस्थांनी रक्कम कबूल केली होती, त्यांनी ठिकाण बदलल्याचे कळताच ती मागे घेतली आहे.